पन्नास झाले की नाव

२६ ऑगस्ट, सोमवार

ही वही क्लबने मला धुलाईची नोंद ठेवायला दिली आहे. कोणती जर्सी धुतली, कोणती उसवली, कोणाच्या बुटांचे खिळे बदलले, असलं सगळं. ते माझ्या डोक्यात असतंच, तेव्हा वही कोरी राहणार होती. पण माझा नवरा लेन गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही, म्हटलं वहीशी बोलावं. ती उलट उत्तर देणार नाही. लेन द्यायचा.

तर मी मर्ल ट्रेझाइज, वय एकोणसत्तर. पेलिकन क्लबच्या बायकांच्या फुटबॉल संघाची सामानवाली, पहिल्या सामन्यापासून. फुटबॉल म्हणजे आमच्या इकडचा, चेंडू हाताने झेलायचा आणि हारजीत गुणांवर मोजायची तो. आठ वर्षं झाली. हंगाम शनिवारी सुरू होतोय.

आज रॉनी आली होती. रॉनी झ्वार, चौदा नंबर, मागच्या फळीत खेळते. वय एकतीस. आठवड्यातले दोन दिवस केस कापते, बाकीचे दिवस आमची. पहिल्या वर्षापासून आहे, पण एक अख्खं वर्ष गुडघ्याने खाल्लं, कधी खांदा, कधी बोट, म्हणून आत्ताशी पंचेचाळीस सामने झालेत. आमच्याकडे पन्नास सामने झाले की खेळाडूचं नाव तिच्या लॉकरच्या दारावर रंगवतात. त्यानंतर त्या लॉकरला हात लावणाऱ्या प्रत्येक नव्या पोरीला ते नाव वाचावं लागतं. नाव मी काढते. लेन पाट्या रंगवायचा, त्याचे ब्रश आणि त्याचा हात दोन्ही मी उचललेत. आत्तापर्यंत सहा नावं काढली.

"पाच राहिले, म्हातारे," रॉनी म्हणाली. "ब्रश भिजत घाल."

"आधी संघात निवड तर होऊ दे."

"मागे माझ्याशिवाय मॅकी कोणाला उभं करणार? तुला?"

"मला का नाही? माझी रुंदी बघ. नुसती उभी राहिले तरी चेंडू अडेल."

हसून हसून ती टॉवेलांच्या ढिगावर पडली. घडी केलेले टॉवेल होते ते. तिचा करार यंदा संपतोय आणि पुढचा मिळेल असं कोणालाच वाटत नाही, तिलाही नाही. आमची प्रशिक्षक मॅकी तोंडाने काही बोलत नाही, पण तिच्याशी हल्ली फार गोड वागते. त्यावरून काय ते समजावं.

३१ ऑगस्ट, शनिवार

जिंकलो. सेहेचाळीस.

७ सप्टेंबर, शनिवार

आपल्याच मैदानावर, हॉबार्टच्या पोरींशी. वारा असा की दोन सीगल उलटे उडाले. सात गुणांनी जिंकलो.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये रॉनीने काय केलं ते लिहून ठेवलंच पाहिजे. उंच चेंडू तिच्या डोक्यावरून मागे चालला होता. ती पाठमोरी धावत गेली, नजर फक्त वर, समोरून कोण येतंय याची पर्वाच नाही. समोरून त्यांची ती घोड्यासारखी पोर आली. तिची मांडी रॉनीच्या डोक्यावर आदळली. चेंडू रॉनीच्या हातातच! तशीच पडली, तशीच उठली, बाकाकडे बघून अंगठा वर केला. संघाच्या डॉक्टर पेरेरा तेव्हा धाकट्या टिलीचं बोट बसवत होत्या, त्यांना दिसलंच नाही. मी टाळ्या वाजवून हात लाल केले. चेंडू मारून झाल्यावर ती जरा भलत्याच बाजूला धावली, मग वळली. आमच्या मैदानावरच्या वाऱ्यात भल्याभल्यांना दिशा कळत नाही.

सामन्यानंतर जेलीचे साप, त्या सापासारख्या लांब गोड गोळ्या, वाटले तर म्हणाली, नको. लाल साप स्वतःसाठी लपवून ठेवणारी बया! सत्तेचाळीस झाले.

९ सप्टेंबर, सोमवार

रॉनी सामानाच्या खोलीत काळा चष्मा लावून बसली होती. मी म्हटलं, सिनेमात काम मिळालं की काय. तर म्हणे, तुझं ड्रायरचं मशीन बंद कर, कान फुटतात. आठ वर्षं तेच मशीन आहे.

मग हळूच म्हणाली, "मर्ल, परवा आपण कोणाशी खेळलो गं?"

"चेष्टा करतेस?"

"सांग ना. डॉक्टर विचारतात."

सोमवारी डॉक्टर पेरेरा सगळ्याच पोरींना असले प्रश्न विचारतात, शाळेत पाढे विचारतात तसे. मी म्हटलं, "हॉबार्ट. शेवटचा गोल टिलीचा."

"हॉबार्ट, टिली. हॉबार्ट, टिली," ती पुटपुटत राहिली. दारात थांबून म्हणाली, "हे आपल्या दोघींतच हं."

"पोरी, सामानाच्या खोलीतलं सामानाच्या खोलीत राहतं," मी म्हटलं. हे मी उगाच म्हणत नाही. या खोलीत पोरी रडल्या आहेत, एकमेकींना शिव्या घातल्या आहेत, एकीने तर मला नवऱ्याच्याही आधी सांगितलं की दिवस गेलेत म्हणून. बाहेर चकार शब्द गेला नाही. लोक म्हणतात बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही. माझ्या तोंडात अख्खं पोतं भिजलंय.

१२ सप्टेंबर, गुरुवार

सप्टेंबर म्हणजे मॅगपाय पक्ष्यांनी डोक्यावर झडप घालायचा महिना. पिल्लं असतात ना झाडावर, दिसेल त्याला टोचतात. मी नेहमीप्रमाणे आइस्क्रीमचा रिकामा डबा डोक्यावर घालून, पक्षी बिचकावेत म्हणून त्याला मागून कागदाचे डोळे चिकटवून सायकल काढली आणि रॉनीकडे केस कापायला गेले. दुकानातल्या सगळ्या बायका हसल्या.

"डोकं फार जपतेस गं," रॉनी म्हणाली.

"एकच आहे. दुसरं मिळत नाही दुकानात."

यावर ती हसली नाही.

घरी येऊन आरशात बघते तर कपाळावरचे केस तिरपे! डावीकडे भुवईच्या वर, उजवीकडे डोळ्यात. फोन केला तर म्हणे, फॅशन आहे. असेल बाई. आठ वर्षांत तिच्या हातून एक केस इकडचा तिकडे झाला नव्हता.

१४ सप्टेंबर, शनिवार

हरलो. अठ्ठेचाळीस. रॉनी बरी खेळली, पण दोनदा चेंडू समोर असून तिला उशिरा दिसला.

माझ्या लक्षात आलंय काय भानगड आहे. खाणं नाही, हसणं नाही, लक्ष ठिकाणावर नाही, उजेड नको, आवाज नको, मध्येच डोळे भरून येतात. पोरगी प्रेमात पडली आहे! मला वाटतं तो मालिशवाला कॅलम. मान चोळून घ्यायला रोज जाते त्याच्याकडे. तसा बरा आहे, फक्त दाढीचं काहीतरी करायला हवं.

१८ सप्टेंबर, बुधवार

माझ्या हातच्या पेस्ट्या, म्हणजे खिमा-बटाट्याच्या करंज्या, घेऊन रॉनीकडे गेले होते. रॉनीने अर्धी खाल्ली. तिच्या बहिणीच्या कुत्र्याने शेजाऱ्याची बनियन पळवली ती गोष्ट सांगितली, आम्ही खूप हसलो. मी चहा केला. चहा पिता पिता तिने तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली, जशी काही मी आत्ताच आले. मी पुन्हा हसले. प्रेमात माणसाचं असंच होतं. लेनने मला लग्नाचं तीनदा विचारलं होतं, पहिल्या दोनदा मी हो म्हटलेलं त्याला ऐकूच आलं नव्हतं.

दुपारी लॉकरचं दार पुसून पेन्सिलने नाव आखलं. रॉ. झ्वार, चौदा. आमच्या संघातली सगळ्यात लहान टिली मागून ओरडली, "मर्ल! सामना संपल्याचा सायरन व्हायच्या आधी नाव? अपशकुन होतो!"

"पेन्सिल आहे. पेन्सिलचा अपशकुन होत नाही."

टिली थुंकल्यासारखं करून लॉकरला तीनदा हात लावून गेली. हल्लीच्या पोरी आमच्यापेक्षा भोळ्या आहेत.

२१ सप्टेंबर, शनिवार

एकोणपन्नास!

शेवटच्या मिनिटाला रॉनीने गोलच्या तोंडावर स्वतःला झोकून दिलं आणि दोन गुणांनी सामना वाचवला. पोरींच्या ढिगाखाली तीच होती, सगळ्यात शेवटी उठली.

नंतर संडासात ओकताना सापडली. मी तिचे केस धरले, तोंड पुसलं, फरशी धुतली. म्हणाली, काल कालवं खाल्ली होती. "कोणाला सांगू नकोस. एकच राहिलाय, मर्ल. एकच." तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की अंगठी रुतली.

नाही सांगत गं. कालवं खाऊन कोण ओकलं नाही आजवर?

तरी मनाला काहीतरी लागून राहिलंय. वय झालं माझं, दुसरं काय.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आज काय झालं ते जसंच्या तसं लिहिते.

मी जर्स्या वाळत घालत होते. रॉनी आली, चिमटे हातात देऊ लागली. ऊन होतं. शनिवारबद्दल बोललो. तिकडच्या गल्लीत पोरं कागदी पडदा चिकटवतायत, त्यावर मोठ्ठे पन्नास लिहिलेत, तो फाडून ती मैदानात शिरणार. ती खुशीत होती. खूप दिवसांनी खुशीत होती.

मग म्हणाली, "लेनला आण शनिवारी. कधीचा भेटला नाही. गुडघा कसा आहे त्याचा?"

मला वाटलं, चेष्टा करते आहे, आणि चेष्टा फार वाईट आहे. मी वळून बघितलं. ती चिमटा पुढे धरून उभी होती, माझ्या उत्तराची वाट बघत. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

लेनला जाऊन येत्या ऑक्टोबरात दोन वर्षं होतील. त्याच्या शवपेटीला सहा जणांनी खांदा दिला. पुढचा डावा खांदा रॉनीचा होता.

मी म्हटलं, "बरा आहे."

"छान," ती म्हणाली आणि पुढची जर्सी उचलली.

२५ सप्टेंबर, बुधवार

सकाळपासून ही वही मागे उलटून वाचते आहे. सगळं मीच लिहिलंय. माझ्याच अक्षरात, तारखेनिशी. उलटी दिशा, काळा चष्मा, हॉबार्ट टिली हॉबार्ट टिली, माझे केस, कुत्र्याची गोष्ट, कालवं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मालिशवाला कॅलम म्हणे! मूर्ख म्हातारी.

सोमवारी डॉक्टरांची उत्तरं तिला मीच पढवली.

सांगितलं तर शनिवार गेला. कदाचित सगळेच शनिवार गेले. ती पुन्हा माझ्याशी बोलणार नाही, आणि तिची चूक नसेल. पन्नास झाले की नाव, आठ वर्षं ती याच एका गोष्टीसाठी गुडघे, खांदे आणि बोटं मोडून घेत आली. आणि शब्द दिलाय मी. दोनदा.

नाही सांगितलं तर शनिवारी ती पुन्हा वर बघत पाठमोरी धावणार. तिला तसंच धावता येतं, दुसरं काही येतच नाही.

सायकल काढायची होती. डबा डोक्यावर घातला आणि आरशासमोर बराच वेळ तशीच उभी राहिले.

२६ सप्टेंबर, गुरुवार

वही डॉक्टर पेरेरांच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, सात तारखेपासून वाचा. कॅलमचं वगळा.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. एकेका तारखेवर बोट ठेवत गेल्या. चोवीस तारखेवर बोट थांबलं.

"मिसेस ट्रेझाइज," त्या म्हणाल्या, "तुम्ही हे लिहून ठेवलंत ते बरं केलंत."

"लिहिलं, पण कळलं नाही डॉक्टर. आणि तिला उत्तरं मीच सांगितली."

"मला तर लिहिताही आलं नाही. माझ्यासमोर बसून तिने बरोबर उत्तरं दिली आणि मी खूण करून मोकळी झाले." त्यांनी वहीच्या पानांचे फोटो काढले.  चांगली बाई आहे.

रॉनीला आत बोलावलं. मी सामानाच्या खोलीत येऊन मशीन लावलं, म्हणजे काही ऐकू येणार नाही. तरी वीस मिनिटांनी ती दारात येऊन उभी राहिलीच.

"सामानाच्या खोलीतलं सामानाच्या खोलीत राहतं," ती म्हणाली. "ना?"

"रॉनी, तू मला लेनचं विचारलंस."

"काय विचारलं?"

"गुडघा कसा आहे."

तिने कपाळाला आठ्या घातल्या. तिला ते आठवत नव्हतं. हे मला दिसलं आणि तिलाही कळलं की मला दिसलं. मग ती जोरात ओरडली, "एक सामना होता, मर्ल! एकच सामना!" आणि गेली. मी मशीनकडे बघत बसले.

२८ सप्टेंबर, शनिवार

पोरांनी पडद्यावरच्या पन्नासवर निळा कागद चिकटवला होता, पण उन्हात आतून दिसत होता. टिली सगळ्यात पुढे होती. पडद्यापाशी आली आणि थबकली, मग बाजूने गेली. तिच्यामागे सगळ्या बाजूने गेल्या. पडदा कोणी फाडलाच नाही. सामना संपेपर्यंत तो तसाच वाऱ्यावर फडफडत उभा होता. हरलो.

चौदा नंबरची जर्सी मी नेली होती. का नेली माहीत नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, रॉनीने आता खेळायचं नाही. या वर्षी नाही असं नव्हे. कधीच नाही. आत्ता थांबली तर सगळं परत येईल म्हणाले, हळूहळू. आणखी एक मार बसला असता तर काय, ते मॅकीने मला सांगितलं आणि मी इथे लिहिणार नाही.

मॅकी म्हणाली, आपण नियम वाकवू, एकोणपन्नासवर नाव काढू, कोण विचारतंय. फोनवर रॉनीला तसं सांगितलं. रॉनी म्हणाली, "एकोणपन्नास म्हणजे एकोणपन्नास. दारावर दया रंगवू नका." आणि ठेवून दिला.

मी खोडरबर घेऊन लॉकरपाशी गेले. हात उचलेना. परत आले.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

दोन वर्षं झाली आज. लेनच्या थडग्याच्या दगडापाशी गेले तर तिथे आधीच जेलीचा एक लाल साप ठेवलेला होता. मुंग्या लागल्या होत्या. शाळेतली पोरं येतात तिकडे, काहीही टाकून जातात.

कपाळावरचे केस आता पूर्ण डोळ्यात येतात. पिना लावते. रस्त्यावर तीन दुकानं आहेत केस कापणारी, पण माझं मन होत नाही. वाकडे तर वाकडे, तिने कापलेत.

३ नोव्हेंबर, रविवार

काल हंगाम संपला. पाचवे आलो. आज आवराआवरीचा दिवस, पोरी सामान परत देऊन गेल्या. मी तळाला गेलेले मोजे शोधत होते.

"बस," मागून आवाज आला.

रॉनी होती. काळा चष्मा नव्हता. हातात कात्री आणि कंगवा. मी उलट्या बादलीवर बसले. तिने माझ्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, पिना काढल्या, केस ओले केले. मग कापायला लागली.  केस नाकावर पडत होते आणि शिंक आवरत नव्हती.

"वाकडे कापले होते मी," शेवटी म्हणाली.

"फॅशन म्हणाली होतीस."

"तू मानलंस?"

"मी तर तू कॅलमच्या प्रेमात आहेस असंही मानलं होतं."

"कॅलम? ती दाढी?" ती हसली. तिचं जुनं हसणं, टॉवेलांवर पडायचं. आम्ही दोघी इतक्या हसलो की मला रडू आलं, आणि रडू आलं तशी तीही रडली, आणि मी तिला म्हटलं की मला माफ कर, आणि ती म्हणाली, "गप बस, म्हातारे. बहिणीने मला माझेच मेसेज दाखवले त्या दिवसांतले. मला एकही आठवत नाही. माझ्या डोक्यावर डबा ठेवणारी तू एकटीच होतीस."

मग म्हणाली, "लेनचे ब्रश कुठेत?"

मला वाटलं, आलं हिच्या मनात, काढू या नाव. मी ब्रश दिले, निळा रंग ढवळून दिला. म्हटलं, चल लॉकरकडे, पेन्सिल अजून आहे. पण ती हलली नाही. "ती पेन्सिल राहू दे तशीच. खोडू नकोस, भरू नकोस. तेवढंच झालंय माझं, तेवढंच दिसू दे." आणि ड्रायरसमोर गुडघ्यावर बसली. दुखरा गुडघा खाली टेकवून.

"मशीनला काय करतेस?"

"तुला लॉकर नाही. मग दुसरं कुठलं दार तुझं?"

गोल दारावर तिने अक्षर अक्षर करून लिहिलं. मर्ल. म मोठा झाला, ल घसरला. लेन असता तर चिंधी घेऊन धावला असता. खाली आकडा काढायला लागली तेव्हा मी म्हटलं, "काय गं हे, मी कुठे खेळले?"

"आपले आजवर ब्याऐंशी सामने झाले. बसून मोजलेत, कागद घेऊन, दोनदा. डोकं चालतं का ते बघायला." जीभ दातात धरून तिने आठ काढला, मग एक काढला. "तुझे एक्याऐंशी. एक चुकवलास."

मी कधीच चुकवला नव्हता असं म्हणणार होते.

"लेन गेला त्या आठवड्यातला शनिवार," ती म्हणाली. "त्या दिवशी टॉवेलांच्या घड्या मी घातल्या होत्या."

ती गेली. मग उठून कामाला लागले. क्लबने वही ज्यासाठी दिली ती नोंद आज पहिल्यांदा करते:

चौदा नंबरची जर्सी एक, धुतली. बाहेर दोरीवर वाळत घातली आहे. ड्रायर उद्यापर्यंत वापरायचा नाही, दार ओलं आहे.